सिस्टमडीचा दीड मिनिटाचा टाइमआउट: वैतागून शेवटी 15 सेकंदांवर आणला

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू आख्ख्या सिस्टमडीचा, म्हणजे लिनक्समध्ये बाकीचे प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचा, नाहीये. ते भांडण लोक 2010 पासून भांडतायत, मला त्यात पडायचं नाही. हा फक्त त्याच्या टाइमआउट सेटिंगचा, म्हणजे किती वेळ वाट बघायची त्याचा. लिनक्स शटडाउन करताना काळ्या स्क्रीनवर लाल चांदण्या इकडून तिकडे सरकायला लागतात, "अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर" वगैरे येतं आणि पुढे सेकंद मोजत बसतं, 1 मिनिट 30 सेकंदांपर्यंत, तेच ते.

आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल नेम नसतो. पीसीला छोटा यूपीएस आहे पण बॅटरी म्हातारी, जेमतेम तीनेक मिनिटं तग धरते. त्या दिवशी लाइट गेली, यूपीएस कोकलायला लागला, मी पटकन शटडाउन मारलं आणि चांदण्या सुरू. आई आतून ओरडतेय "अरे बंद कर ना ते एकदाचं", मी म्हणतोय "केलंय गं, तेच ऐकत नाहीये".

तर आत काय होतं, शटडाउनला सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिसला, म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामला, सिगटर्म नावाचा सिग्नल पाठवतं, म्हणजे "बाबा रे, आवर आता". ती आवरली नाही तर ठरलेला वेळ वाट बघतं आणि मग सिगकिल, म्हणजे थेट गचांडी. हा ठरलेला वेळ मूळचा 90 सेकंद. सुरू व्हायला पण तेवढाच. सर्व्हरवर हे बरोबरच आहे हो, डेटाबेस डिस्कवर लिहीत असताना मध्येच मारला तर नंतर निस्तरायला आपणच. पण घरच्या पीसीला एवढी मुदत कशाला? फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकारवाल्यांना पण हेच वाटलं असणार, त्यांनी फेडोरा 38 मध्ये, म्हणजे 2023 ला, बंद व्हायची मुदत 45 सेकंदांवर आणली. आधी तर 15 चा प्रस्ताव होता. माझं डेबियन 12, लिनक्सचाच दुसरा प्रकार, तिथे 90 च.

बदलायचं तसं सोपंय. ईटीसी फोल्डरमध्ये सिस्टमडीच्या आत "सिस्टम डॉट कॉन्फ डॉट डी" नावाचं फोल्डर करायचं, नसतं ते आधीपासून, त्यात डॉट कॉन्फने संपणारी एक फाइल टाकायची आणि आत "डीफॉल्ट टाइमआउट स्टॉप सेक", सगळं जोडून, बरोबर 15s. मूळ फाइलला हात लावायचा नाही म्हणजे अपडेटच्या वेळी कटकट नाही, हे मला फार आवडलं. वेळ पण माणसासारखी लिहिता येते, 2min 30s असं लिहिलं तरी त्याला कळतं, नुसता आकडा टाकला तर सेकंद धरतं.

मी मात्र पहिल्याच फटक्यात माती खाल्ली. वरती चौकोनी कंसात "मॅनेजर" ही ओळ लिहायची असते ती विसरलो. स्क्रीनवर काही एरर नाही, काही नाही, रीबूट केलं तर परत 90. मग लॉग बघितला तर तिथे गुपचूप लिहून ठेवलेलं, असाइनमेंट आउटसाइड ऑफ सेक्शन, इग्नोरिंग. अरे मग तोंडावर सांग ना! म्हणून आता फाइल बदलली की डीमन रीएक्झेक ही कमांड मारतो, म्हणजे सिस्टमडी सेटिंग परत वाचतं, आणि सिस्टमसीटीएल शो या कमांडने किती झालंय ते बघूनच उठतो.

आणखी दोन चिडचिडी. एक म्हणजे लॉगिन केलेल्या युजरच्या सर्व्हिसेसचा हिशोब वेगळा, त्यांची युजर डॉट कॉन्फ वेगळी, आणि "युजर मॅनेजर फॉर यूआयडी 1000" ला, म्हणजे त्या सर्व्हिसेस सांभाळणाऱ्याला (1000 हा युजरचा नंबर), तर स्वतःची 2 मिनिटं लिहून दिलेली असतात, तुमचे 15 सेकंद त्याला लागूच नाहीत. दुसरी म्हणजे एखाद्या सर्व्हिसच्या फाइलमध्ये टाइमआउट 0 टाकला तर वाटतं लगेच मारेल, तर नाही, 0 म्हणजे अनंतकाळ वाट बघणार!

पण हेच उलट बाजूने चांगलं पण आहे. ज्या सर्व्हिसने स्वतःची मुदत लिहिलीय ती डीफॉल्टला जुमानत नाही, म्हणजे मारियाडीबी या डेटाबेसची 900 सेकंदांची मुदत तशीच राहते, आपण 15 केले म्हणून तिची मुंडी मुरगळली जात नाही.

आता खरी गंमत. लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल कमांडला उणे बी उणे 1 दिलं की मागच्या बूटचा लॉग दिसतो, तिथे चांदण्यांचा मालक शोधला तर निघाली माझीच बॅकअपची स्क्रिप्ट. कुठून तरी उचललेल्या कोडमध्ये ट्रॅपची, म्हणजे सिग्नल मध्येच पकडणारी, एक ओळ होती, ती सिगटर्म चक्क गिळून टाकत होती. म्हणजे दोन वर्षं मी शिव्या देत होतो सिस्टमडीला आणि चोर घरात. त्यामुळे आकडा कमी करायच्या आधी लॉग बघा, मी उलटं केलं.

5 पैकी साडेतीन स्टार. अर्धा त्या मुक्या एररसाठी कापला, एक त्या युजर मॅनेजरच्या भानगडीसाठी. आणि अगदीच अडकलात तर कंट्रोल आल्ट डिलीट 2 सेकंदांत 7 पेक्षा जास्त वेळा बडवा, लगेच रीबूट मारतं, फक्त न सेव्ह केलेल्या कामाला आधी रामराम म्हणा.

परवा परत लाइट गेली तेव्हा पीसी 6 सेकंदांत गप झाला. यूपीएसची बॅटरी बदलायचीय ती तशीच राहिलीय अजून.