प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणजेच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय : फिटर बापाला घेऊन गेले त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, मला आर्टमधलं काही कळत नाही. शाळेच्या ट्रिपला एकदा या म्युझियममध्ये गेले होते, तेव्हाचं फक्त पेंढा भरलेले प्राणी आणि बाईंनी दोन-दोनची रांग करायला लावली होती एवढंच लक्षात आहे. त्यानंतर पंचवीस वर्षं फोर्टातल्या काळा घोडा भागातून येता-जाता बाहेरून घुमट बघितला, आत पाय नाही टाकला. या वेळी पोराच्या शाळेने प्रोजेक्ट दिला म्हणून जायचं ठरलं आणि सोबत आई-अण्णा. अण्णा यायलाच तयार नव्हते. चौतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला फिटर होते, त्यांचं म्हणणं, "फुटक्या मूर्ती बघायला डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत उभ्याने जायचं का?" आणि शेवटी बाहेर यायला तेच तयार नव्हते, सिक्युरिटीवाल्याने घड्याळ दाखवलं तेव्हा निघाले. म्हणून हा रिव्ह्यू. पाचपैकी पाच, पुढचं वाचायचं तर वाचा.

आमची सुरुवात बाहेरूनच झाली. तिकीट काढून मी आत चाललेय आणि अण्णा मागे भिंतीला हात लावून उभे. दगड दोन प्रकारचा आहे, काळसर करडा तो कुर्ल्याचा बेसाल्ट आणि पिवळसर तो मालाडचा. म्हणजे आपण लोकलने ज्या स्टेशनांवरून धक्के खात जातो तिथल्या खाणींतून आलेला! इमारतीचा आर्किटेक्ट जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियावाला तोच. पायाचा दगड 1905 साली बसवला, इमारत 1914 ला झाली आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध लागलं, तर तिथे लष्कराचं हॉस्पिटल केलं, लोकांसाठी उघडलं ते थेट 1922 साली. घुमटाखाली उभं राहून वर बघा, एकमेकांत गुंतलेल्या कमानींवर तो तोललाय, विजापूरच्या गोलघुमटाची पद्धत, आणि त्याच हॉलमध्ये मराठी वाड्याचे लाकडी खांब आणि सज्जा बसवलेत, अठराव्या शतकातले. विजापूरचा सुलतान, पेशवाईतला वाडा आणि इंग्रज आर्किटेक्ट एका छताखाली, आणि गंमत म्हणजे खटकत काहीच नाही. अण्णा मान वर करून पाच मिनिटं उभे. मग म्हणाले, "लोड कुठे उतरवलाय बघ." मला ओ का ठो कळलं नाही पण मीही बघितलं.

तर मुद्दा असा की मी नेहमीसारखी आधी पाटी वाचायची, फोटो काढायचा, पुढे. अण्णांना छोटी अक्षरं दिसत नाहीत आणि चष्मा आईच्या पर्समध्ये, म्हणून ते पाटी वाचतच नव्हते, थेट वस्तूच्या समोर उभं राहून हे केलं कसं असेल याचा विचार करायचे. आणि तीच पद्धत बरोबर आहे हे मला दुसऱ्या दालनात कळलं. पाटीवर साल असतं, राजा असतो, पण ज्याने छिन्नी धरली त्याचं नाव सहसा नसतंच, तो दिसतो फक्त कामात.

असिरियाचे दगडी फलक आहेत इथे, मला तर माहीतच नव्हतं. म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलजवळचं निमरूद, तिथला राजा अशुरनासिरपाल दुसरा, इसवीसनपूर्व 883 ते 859, त्याच्या राजवाड्याच्या भिंतींवरचे हे फलक. साधारण 2,900 वर्षं जुने. खोदकाम केलं लेयार्ड नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकात, आणि त्या वेळी तिकडून लंडनला जाणारा माल बसऱ्याहून आपल्या मुंबईमार्गे जहाजाने जायचा. दाढीची कुरळी वळणं बघा फक्त. एकेक वळण सारख्या मापाचं, ओळीने, आणि उठाव किती असेल तर फार काही नाही, तरी लांबून दाढी जड वाटते. अण्णा वाकून वाकून बघत होते, "मऊ दगड आहे, पण मऊ दगड जास्त वाईट, एक ठोका जास्त पडला की जॉब, म्हणजे हातातला नग, गेला. हा माणूस रोज संध्याकाळी छिन्नीला धार लावून घरी जात असणार." त्यांनी मऊ म्हटलं ते खरंच, तो जिप्समच्या जातीचा दगड असतो, मी नंतर वाचलं. आणि हेही वाचलं की निमरूदचा तो राजवाडा 2015 साली इसिसवाल्यांनी स्फोटकं लावून उडवला. हे वाचल्यावर पुन्हा जाऊन बघावंसं वाटतंय, कारण त्या भिंतींचे तुकडे आता जगात जिथे जिथे विखुरलेत तिथेच उरलेत आणि त्यातले काही आपल्या फोर्टात आहेत.

मीरपूरखासच्या मातीच्या मूर्तींसाठी मात्र वेळ राखून ठेवा. मीरपूरखास आता पाकिस्तानात, सिंधमध्ये. तिथला काहू-जो-दडो नावाचा बौद्ध स्तूप हेन्री कझन्स नावाच्या पुरातत्त्ववाल्याने 1909-10 मध्ये खणला आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता म्हणून वस्तू मुंबईला आल्या. फाळणीच्या आधीचा हिशेब. पाचव्या-सहाव्या शतकातलं काम, भाजलेली माती, ध्यानाला बसलेले बुद्ध, आणि एक हातात कमळ घेतलेला उभा भक्त आहे, त्याच्या अंगावर रंगाच्या खुणा अजून आहेत! आई इथे थांबली. ती पेणची. गणपतीचे कारखाने बघत मोठी झालेली, तिने एका वाक्यात निकाल लावला, "शाडूची मूर्ती भाजत नाहीत म्हणून तिला कसलेही लाड चालतात, ही भट्टीत घातलीय आणि तरी बोटं बघ." मग ती आणि अण्णा त्या मूर्तीसमोर पंधरा मिनिटं भट्टीत माती का तडकते यावर वाद घालत होते आणि मागे एक कॉलेजचा ग्रुप फोनवरचं रील बंद करून ऐकत उभा. मला जरा लाजल्यासारखं झालं, पण चांगलं वाटलं.

मग घारापुरीचा ब्रह्मदेव, तो चुकवू नका, लाँचने जाऊन लेणी बघून आलेल्यांनी तर नाहीच. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या देवळातल्या छताचे फलकही आहेत, मूळचे छतात, म्हणजे खालून मान मोडून बघायचे, इथे समोर बघायला मिळतात. गांधार, सिंधू संस्कृती, नेपाळ-तिबेट हे आमचं भरभर झालं, पोराला भूक लागली होती.

जेवणाबद्दल एक सूचना. आम्ही बाहेर पडून जवळच्याच एका बऱ्या दिसणाऱ्या हॉटेलात गेलो, नाव घेत नाही, चार चहा आणि दोन सँडविच यात जे बिल आलं त्यात आमच्याकडे आठवड्याची भाजी येते आणि चहा कोमट. डबा न्या किंवा सीएसएमटीला उतरल्यावर वडापाव खाऊन घ्या.

दुपारनंतरचा हिरो बिदरी. डेकोरेटिव्ह आर्टच्या दालनात बिदरी कामाची भांडी आहेत, काळीभोर आणि त्यावर चांदीची नक्षी. पोराने विचारलं काळा रंग का दिलाय, तर रंग नाहीच तो. धातू असतो जस्त आणि थोडं तांबं, त्यात नक्षी कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, आणि मग कर्नाटकातल्या बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागर नावाच्या क्षारात कालवून चोळतात. त्याने जस्त काळं पडतं, चांदीला काही होत नाही. हे मी मोबाईलवर वाचून दाखवत होते तर नवसागर म्हटल्याबरोबर आईने नाक उडवलं, "कल्हईवाला!" आणि मग तिने नातवाला अख्खी गोष्ट सांगितली, दारात भट्टी, भाता, पितळेचं पातेलं लालबुंद तापलं की नवसागर टाकला की पांढरा धूर आणि तो वास, मग कथिल फिरवायचं. पोराने आयुष्यात कल्हई बघितलेली नाही. बिदरचा कारागीर आणि पेणचा कल्हईवाला एकाच डब्यातली पूड वापरत होते ही गोष्ट कुठल्या पाटीवर मिळणार आहे? घरच्या माणसांना घेऊन जा म्हणते ते यासाठी.

मिनिएचर चित्रांच्या दालनात प्रकाश कमी असतो, लोक वैतागतात, माझ्या शेजारची बाई "लाइट तरी लावा" म्हणत होती. पण कागदावरचे रंग उजेडाने उडतात म्हणून जगभर तसंच ठेवतात, दोन मिनिटं थांबलात की डोळे सरावतात. इथल्या संग्रहात अकबराच्या चित्रशाळेतली अन्वर-ए-सुहैलीची पोथी आहे. नाव फारसी आहे पण गोष्टी आपल्या पंचतंत्राच्याच, पहलवी म्हणजे जुनी इराणी भाषा, मग अरबी, फारसी असा प्रवास करून पुन्हा हिंदुस्थानात आलेल्या. माहेरवाशीण म्हणा ना. खारीच्या केसांच्या ब्रशने काम चालायचं, एकेका केसाची रेघ.

अकबराचं चिलखत आणि ढालही आहे, 1581 चं, पोलादी छातीपत्र्यावर धार्मिक वचनं. इथे अण्णा पूर्ण गप्प झाले. लहान मुलं काचेला नाक लावून तलवारी मोजतात आणि हा सत्तरीचा माणूसही तसाच काचेला नाक लावून. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "फिनिश बघ."

वर चिनी-जपानी दालन. यातलं बरंच टाटांचं, सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा दोघांचे संग्रह म्युझियमला मिळाले, 1921 आणि 1933 साली. युरोपियन तैलचित्रंही त्यातूनच आलीत, ती मला ठीक वाटली, सोनेरी फ्रेमा आणि काळोख, दहा मिनिटांत आटपली, जाणकारांनी शिव्या घालाव्यात. पण चिनी तपकिरीच्या बाटल्या! माझे आजोबा तपकीर ओढायचे, पत्र्याची डबी, बोटं कायम तपकिरी, आजी डबी लपवून ठेवायची. आणि तिकडे चीनमध्ये त्याच तपकिरीसाठी जेडच्या, काचेच्या अंगठ्याएवढ्या बाटल्या, बुचाला आतून इवलासा चमचा. काही बाटल्या काचेच्या आतल्या बाजूने रंगवायचे म्हणे, वाकड्या टोकाचा ब्रश त्या एवढ्याशा तोंडातून आत घालून, उलटं चित्र. नंतर जपानी नेत्सुके, किमोनोला खिसा नसतो म्हणून कमरेच्या पट्ट्याला डबी अडकवायची तर दोरीच्या टोकाला जी गोटी लागते ती. फक्त एक गोटी! त्यात त्यांनी माणसं, उंदीर, माकडं काय वाट्टेल ते कोरलंय. पोराला सगळ्यात जास्त हे आवडलं आणि प्रोजेक्ट शेवटी नेत्सुकेवर झाला, असिरियावर होणार होता.

आता व्यवहाराचं. सव्वादहाला उघडतं, उघडताच जा, शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. तिकिटाचे दर आणि मोबाईलने फोटो काढायचे नियम वेबसाइटवर बघून निघा, माझ्यावर जाऊ नका, बदलत असतात. जिने आहेत, गुडघेवाल्यांना घेऊन जात असाल तर तीन मजले एका दिवसात उरकायचा हट्ट नको, आम्ही तो केला आणि आईला रात्री तेल लावावं लागलं. लहान मुलांसाठी आवारात वेगळं चिल्ड्रन्स म्युझियम आहे, आमचं राहिलं. गाइड घ्यायचा की नाही यावर माझं मत असं की पहिल्या तासात नको. मागे परराज्यात एका म्युझियमला आम्ही गाइड केला होता तर तो प्रत्येक वस्तूची किंमत सांगायचा, ही दोन कोटींची, ती पाच कोटींची, आणि हाकत न्यायचा, घरी आलो तेव्हा आकडे आठवत होते, वस्तू एकही नाही.

परतीच्या लोकलमध्ये विंडो मिळूनही अण्णा बाहेर बघत नव्हते, त्यांचं एकच, त्या जपानी गोटीतलं दोरी घालायचं भोक मागून नीट दिसलं नाही. काल फोन केला तर माळ्यावर चढले होते म्हणे, टूलरूममधलं जुनं भिंग शोधायला. सापडलंय. काच पुसून ठेवलीय, पुढच्या महिन्यातला पहिला मंगळवार ठरलाय.