किंचित टो-आउट की शून्य टो? घाट आणि एक्सप्रेसवे दोन्ही करणाऱ्यांसाठी

चाकांच्या अलाइनमेंटच्या मशीनवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे कंपनीच्या मर्यादेत, दिसले की आपण पैसे देऊन निघतो. पण त्या हिरव्या पट्ट्यातसुद्धा गाडीचा स्वभाव बदलायला बरीच जागा असते. माझ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅकवर मी दोन्ही प्रकार वापरलेत. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकं सरळ रेषेपासून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते; टो-आउट म्हणजे त्यांच्या पुढच्या कडा बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक किती कललंय ते; उणे म्हणजे वरची कड आत. आधी पुढच्या चाकांना किंचित टो-आउट आणि कॅम्बर बोल्ट (हा कल बदलू देणारा बोल्ट) टाकून उणे दीड अंशाच्या आसपास कॅम्बर. नंतर टो शून्य, आणि कॅम्बर कंपनीचाच, साधारण उणे अर्धा अंश.

ताम्हिणीत पहिलं सेटिंग सुरेख चालतं, यात वाद नाही. स्टिअरिंग हलवलं की नाक लगेच वळतं. वळणात गाडी कलली की बहुतेक भार बाहेरच्या चाकावर येतो, आणि उणे कॅम्बरमुळे तो टायर रस्त्यावर जास्त सपाट टेकतो. पकड जाणवते.

माझा निर्णय झाला तो मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर. शंभरच्या वेगाला टो-आउटची गाडी क्षणभरही स्वस्थ बसत नाही. रस्त्याचा उतार जरासा बदलला, शेजारून ट्रकचा वारा लागला की ती तिकडे झुकते, आणि हातांनी तिला परत आणावं लागतं. पुन्हा पुन्हा. यात धोका होता असं मी म्हणणार नाही, पण पनवेल येईपर्यंत खांदे भरून यायचे आणि मागे बसलेल्या आईला मळमळायचं. टो शून्य केल्यावर दोन्ही थांबलं. त्या बदल्यात घाटातली थोडी धार गेली, ती मी आनंदाने सोडली.

टायर आतून खाल्ला की लोक कॅम्बरला दोष देतात. माझ्या मते तो बहुतेक वेळा टोचा प्रताप असतो. चाक 0.1 अंशाने तिरकं असेल तर हिशेबाने दर किलोमीटरला टायर जवळपास पावणेदोन मीटर आडवा घासला जातो. टो-आउट आणि जास्त उणे कॅम्बर एकत्र आले की दोघांचा मार आतल्या कडेवरच पडतो, आणि ती कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून नक्षीवरून आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय.

घाटाची फारच ओढ असेल तर उणे एक अंश कॅम्बर आणि शून्य टो हा मधला मार्ग मला तरी पटतो. रोजच्या गाडीला तेवढीही गरज नसावी. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असेल तर तिथे सहसा फिरवण्यासारखं काही नसतं. मागच्या अलाइनमेंटचे पैसे मागितले तर नेमकं काय फिरवणार ते विचारा. आधी टायरची हवा तपासून घ्या, टाय रॉड एंडमध्ये (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्यात) खेळ नाही ना ते बघा, आणि मेकॅनिकला नुसतं ‘ओके करा’ न म्हणता ‘दोन्ही चाकांचा टो सारखा, शून्याला आणा’ असं सांगून प्रिंटआउट मागून घ्या.