कोटिंगवाला ऑक्सिजनेटर: पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे नाही

सांगली-मिरजेत हृदयाची ऑपरेशनं आता नवलाची राहिली नाहीत, पण पंपाला लागणाऱ्या मालाबद्दल मराठीत कुणी चार शब्द लिहीत नाही. मी मिरजेत परफ्युजनिस्ट आहे. सर्जन हृदय थांबवतात तेव्हा रक्त फिरवायचं हार्ट-लंग मशीन माझ्या हातात असतं.

रक्तात ऑक्सिजन भरणारा त्यातला भाग म्हणजे ऑक्सिजनेटर. मोठ्या माणसांसाठी आम्ही टेरुमो कंपनीचा कॅपिऑक्स एफएक्स-२५ घेतो. त्यावर एक्स-कोटिंग नावाचा पॉलिमरचा थर असतो. डीलरचं ऐकलं तर वाटेल, हा थर रक्तच पातळ करतो. तसं काही नाही. रक्त प्लास्टिकला लागलं की काही सेकंदांत फायब्रिनोजेन हे गोठण्याचं प्रथिन तिथे जाऊन बसतं, मग प्लेटलेट चिकटतात आणि गोठण्याची सुरुवात होते. या थरावर प्रथिनं कमी बसतात, एवढंच त्याचं काम. यात हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, नसतं. मेडट्रॉनिकने वापरलेल्या कार्मेडा कोटिंगात ते असतं: हेपारिनचा रेणू एका टोकाने पृष्ठभागाला पक्का बांधलेला, बाकीचा मोकळा राहून रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनला, म्हणजे गोठणं रोखणाऱ्या प्रथिनाला, धरतो. ही युक्ती १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये निघाली. पण हेपारिनमुळे ज्याच्या प्लेटलेट पडतात, त्या पेशंटला ते कोटिंग असलेलं सर्किट, म्हणजे ऑक्सिजनेटर आणि नळ्यांचा सगळा जोड, लावता येत नाही. तिथे एक्स-कोटिंग कामी येतं.

मला हा ऑक्सिजनेटर आवडतो तो प्रायमिंगला, म्हणजे पंप सुरू करण्याआधी सर्किट द्रवाने भरून हवा काढताना. विनाकोटिंगच्या सर्किटमधून हवा काढताना क्लॅम्पने टकटक करत बसावं लागायचं. बारीक बुडबुडे गोचिडासारखे चिकटून राहायचे. इथे पाणी भिंतीला लगेच धरतं आणि बुडबुडा सुटून वर जातो. आर्टिरियल फिल्टर, म्हणजे पेशंटकडे परत जाणारं रक्त गाळणारी जाळी, आतच असल्यामुळे वेगळा जोडावा लागत नाही, आणि भरायला २६० मिली पुरतात. जत-आटपाडीकडून बारीक अंगाची, हिमोग्लोबिन कमी असलेली बाई आली की मी त्याहून लहान एफएक्स-१५ काढते. तो १४४ मिलीत भरतो. प्राइम, म्हणजे भरायचा द्रव, जितका कमी, तितकं तिचं रक्त कमी पातळ होतं.

तक्रार आहे ती नळ्यांची. आमचा ट्युबिंग पॅक वेगळ्याच ठिकाणाहून येतो. पेटीवर ठळक ‘कोटेड’ छापलेलं, आणि आतले नळ्या जोडणारे कनेक्टर साध्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचे! डबल व्हॉल्व्हची, म्हणजे हृदयाच्या दोन झडपांची, केस लांबली होती, ती संपल्यावर सर्किट सलाइनने धुऊन एक्स-रेच्या लाइट बॉक्ससमोर धरलं. ऑक्सिजनेटर स्वच्छ, नळीही स्वच्छ. आणि नळी जिथे कनेक्टरवर चढवलेली असते, बरोबर त्या कडेला फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठल्याचा, लालसर धागा. डीलरला फोटो दाखवला तर म्हणतो, “मॅडम, नळ्या तर कोटेड आहेत ना?” रक्त काय कनेक्टर चुकवून जातं?

सक्शनचंही, म्हणजे ऑपरेशनच्या जागी साचलेलं रक्त ओढून घेण्याचंही, तेच. पेरिकार्डियममध्ये, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीत, साचलेलं रक्त गोठणं सुरू करणारा टिश्यू फॅक्टर घेऊन येतं. ते तसंच रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे मशीनच्या रक्ताच्या टाकीत, ओढत राहिलं, तर महागातलं महाग कोटिंगही काय करणार? आमचे सर्जन ते रक्त सेल सेव्हर या रक्त धुणाऱ्या यंत्राकडे वळवतात, धुऊन मग परत देतात. कोटिंगचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल व्हायचे तर एवढं करावंच लागतं.

कोटिंग आहे तर हेपारिन कमी करू या, असं एखादा नवा डॉक्टर सुचवतोच. मी तोंडावर नाही म्हणते. आमच्याकडे किलोमागे ३०० ते ४०० युनिट, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांच्या वर, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने पुन्हा तपासणी. भूलतज्ज्ञ माझ्याच बाजूने असतात, ते बरं.

खर्चाचं म्हणाल, तर महात्मा फुले योजनेच्या केसला पॅकेज ठरलेलं, जादा पैसे त्यातूनच भागवायचे. म्हणून साध्या एएसडीला (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र), जिथे पेशंट लवकर पंपावरून उतरणार, तिथे मी पूर्ण कोटेड सेटचा हट्ट धरत नाही. डबल व्हॉल्व्ह, रीडू (पुन्हा करायचं ऑपरेशन) आणि महाधमनीच्या केसला धरते. ऑर्डर देणाऱ्यांनी मात्र ‘कनेक्टरसकट कोटेड’ असं लेखी मागावं, आणि पावतीवर सही करायच्या आधी एक पॅक उलटून आतल्या मालाची यादी वाचावी. त्यात कनेक्टरपुढे कोटिंगचा उल्लेख नसेल, तर पेटी त्याच गाडीने परत पाठवावी.