फौजी माणसाची झोप: गोळी बरी की सीबीटी-आय?

आमचे आप्पा इन्फन्ट्रीतून रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी रात्री दोनला उठणार, मागच्या दाराची कडी हलवून बघणार, अंगणात एक चक्कर मारणार आणि मग परत आडवे. घरात ह्याला आप्पांची गार्ड ड्युटी म्हणतात. गोळी चालू करायची का सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी निद्रानाशावरची थेरपी, ह्यावर आमच्याकडे महिनाभर घोळ चाललेला, तुमच्याकडेही असेल तर वाचा.

गोळीने त्याच रात्री झोप लागते, हे खरंय. पण झोल्पिडेम ह्या झोपेच्या गोळीवर अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने 2019 मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, झोपेत चालणं, गाडी चालवणं असले प्रकार. क्लोनाझेपॅम ह्या मन शांत करणाऱ्या गोळीची सवय लागते, मनानेच बंद केली तर झोप आणखी उडते, आणि पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनावर राहिलेला आघात) असेल तर अमेरिकी माजी सैनिकांसाठीच्या गाईडलाइन्स क्लोनाझेपॅमसारख्या गोळ्यांना नकोच म्हणतात. स्वप्नांनी दचकून उठणाऱ्यांना प्राझोसिन देतात, मूळ बीपीची गोळी, पण 2018 च्या 304 माजी सैनिकांच्या ट्रायलमध्ये ती नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. काही डॉक्टर तरी देऊन बघतात.

सीबीटी-आय म्हणजे नुसत्या गप्पा नाहीत हां. सहा-आठ सेशन्स असतात. आप्पा नऊलाच पाठ टेकायचे आणि झोप जेमतेम साडेपाच तास, म्हणून अंथरुणात राहायची वेळच साडेअकरा ते पाच करून टाकली, वीसेक मिनिटांत डोळा नाही लागला तर उठून बाहेर बसायचं. पहिले दोन आठवडे हाल, दिवसभर पेंग, स्कूटरची चावी आम्ही लपवलेली. फिट येत असेल किंवा बायपोलर असेल तर हे डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. मला वाटलेलं फौजी माणूस थेरपीला उडवून लावेल, पण झोपेची वही त्यांनी ड्युटी रजिस्टरसारखी लिहिली: "0210 जाग. 0225 परत."

तरी माझं मत सरळ थेरपी असं नाही. आधी घोरणं बघा. मध्येच श्वास अडकत असेल तर स्लीप स्टडी करून घ्या, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल मागा. ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, निघाला तर मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लागतं, आणि झोपेच्या गोळीने घसा सैल पडून तो वाढूही शकतो. तो नसेल तर मग सीबीटी-आय, आणि गोळी अगदीच अडलं तर थोडे दिवस.

तालुक्याला थेरपिस्ट मिळणं अवघड, आम्ही ऑनलाइन सेशन घेतली. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं इन्सॉम्निया कोच ॲप फुकट आहे, पण इंग्रजीत, त्यामुळे नातीला शेजारी बसवावं लागतं.