टीएलडी गोळी: तेवीस महिन्यांचा अनुभव, आणि त्या बाटलीचा आवाज

मी एचआयव्हीवरची टीएलडी गोळी घेते. गेल्या महिन्यात व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट हातात आला. त्यावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही, असं वाचलं आणि मी सेंटरच्या पायरीवरच बसले. असा रिपोर्ट पूर्वीही यायचा, पण ह्याच्या लगेच आधीच्या वेळी आकडा 312 आला होता. तो आकडा कसा आला आणि त्यात एका प्लास्टिकच्या बाटलीचा काय हात होता, हे सांगायला लिहितेय.

गोळी सगळ्यांना माहीत आहेच. टेनोफोविर 300, लामिवुडिन 300, डोल्युटेग्राविर 50, दिवसाला एक, सरकारी एआरटी सेंटरवर (एचआयव्हीचं औषध देतात तिथे) फुकट. मी 2016 पासून औषधावर आहे. तेव्हा टीएलई होती, म्हणजे डोल्युटेग्राविरच्या जागी एफाविरेंझ 600. रात्री हलकं जेवायचं, झोपताना गोळी घ्यायची, आणि पाऊण-एक तासात खोली गरगरायला लागायची. संडासला जाताना भिंत धरून जायचे. स्वप्नं तर अशी पडायची की सकाळी उठल्यावर ती घडून गेलीत की काय वाटायचं. मी ब्लाउज शिवते. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत सुईत दोरा ओवता यायचा नाही, म्हणून तोवर नुसती उसवायची कामं काढायची. पाच वर्षं असंच गेलं. औषधाने जीव वाचवला, त्यामुळे तक्रार करायची लाज वाटायची.

नोव्हेंबर 2021 मध्ये गोळी बदलून टीएलडी मिळाली. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता मशीनवर बसले आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला गेला. खरं वाटेना. काढून परत ओवला, परत गेला. तेव्हा हे लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं.

सुरुवातीला जुन्या सवयीने रात्रीच घेत होते, तर झोप उडाली. दोन-दोन वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, सकाळी घ्या, हिला पोटाचं बंधन नाही. सकाळी घ्यायला लागल्यावर आठवड्यात झोप जागेवर आली. वजन मात्र वाढलं. 51 ची 58 झाले, वर्षभरात माझ्याच ब्लाउजांची शिवण दोनदा उसवून सैल केली. मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिनही 0.7 वरून 0.9 झालं तेव्हा धसकाच घेतला होता. डॉक्टरांनी बसवून समजावलं की डोल्युटेग्राविरमुळे ते लघवीवाटे थोडं कमी बाहेर पडतं, म्हणून रक्तातला आकडा चढतो, मूत्रपिंड बिघडलं असा त्याचा अर्थ नाही. टेनोफोविर मात्र मूत्रपिंडाला आणि हाडांना खरंच त्रास देऊ शकतं, म्हणून ती तपासणी कधी चुकवायची नाही.

आता बाटली.

पांढरी, तीस गोळ्यांची, आत ओलावा शोषणारी छोटी पुडी. गोळ्या मोठ्या आणि कडक, आणि बाटलीत निम्मी जागा रिकामी. हातात घेतली की खुळखुळ, पिशवीत टाकली की खुळखुळ. तीन महिन्यांचा साठा मिळाला की अशा तीन बाटल्या घेऊन एसटीत बसायचं. साताऱ्याहून आमच्या गावापर्यंत रस्ता कसा आहे ते त्या भागातल्यांना सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला पिशवी वाजते आणि शेजारची बाई वळून बघते. एचआयव्ही असलेल्यांना एसटीत सवलत आहे, पण त्यासाठी कंडक्टरपुढे कार्ड धरावं लागतं, तेही गावच्या गाडीत. मी ती कधीच घेतली नाही. मार्च 2023 पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालं, ते मला खरं उपयोगी पडलं, कारण त्यात काही दाखवावं लागलं नाही.

घरी माझं फक्त भावाला माहीत आहे. सासूबाईंना कमी दिसतं, पण कान तिखट आहेत. एकदा पिशवी खुंटीला अडकवताना त्यांनी विचारलं, "अगं, काय वाजतंय त्यात?" बटणं आहेत म्हणाले. पण त्या प्रश्नाने पोटात जो खड्डा पडला तो पुढे कितीतरी महिने भरला नाही. रिकाम्या बाटलीचंही तेच. गरम पाण्यात भिजवून लेबल खरवडायचं, चुलीत घालायचं, आणि बाटली तालुक्याला गेल्यावर टाकायची. इतकी घट्ट झाकणाची बाटली बटणं-हुक ठेवायला किती कामाची, पण घरात ठेवायचा धीर होत नाही. वस्तू वाया घालवायची मला सवय नाही, प्रत्येक वेळी जिवावर येतं.

2022 च्या पावसाळ्यात गोळ्यांचा तुटवडा झाला ते आठवत असेल. दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, ऑफिसबाहेर आपलीच माणसं महिनाभराहून जास्त धरणं धरून बसली होती. मी जाते त्या सेंटरवर तेव्हा दहा-दहा दिवसांच्या गोळ्या मिळायच्या. जाऊन-येऊन दीडशे रुपये आणि एक दिवसाची शिलाई बुडायची, तेही महिन्यातून तीनदा. खिडकीवर विचारलं तर "वरूनच आल्या नाहीत" एवढंच उत्तर. रोज न चुकता घ्या म्हणून आम्हाला दर खेपेला बजावतात, मग गोळी रोज मिळेल हे कुणी बघायचं? तो राग माझा अजून गेलेला नाही.

त्या दिवाळीनंतर मला फार थकवा यायला लागला. गावातल्या खासगी डॉक्टरांनी हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळी दिली, सोबत कॅल्शियम. त्यांना माझ्या औषधाबद्दल सांगितलं नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, आता आडोसा मिळाला. सुयांच्या चपट्या डबीत अस्तराचा तुकडा घातला आणि तिन्ही गोळ्या त्यात एकत्र ठेवल्या. आवाज बंद. कुणी विचारलं तर रक्तवाढीच्या गोळ्या म्हणायचं. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, तिन्ही एका घोटात. सहा महिने मी निर्धास्त होते.

मे 2023 मध्ये रिपोर्ट आला, 312.

हजाराच्या आत आहे म्हणजे कागदावर चालतं, पण माझं 2019 पासून एकदाही काही सापडलं नव्हतं. एकही गोळी चुकवली नाही हे मी शपथेवर सांगत होते आणि मॅडम पुन्हापुन्हा तेच विचारत होत्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ताई, दुसरं काय काय घेता ते सगळं सांगा." मी डबी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडली आणि तिथेच कारण सापडलं. कॅल्शियम आणि लोह पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात, मग ते रक्तात पुरेसं उतरत नाही. आम्लपित्ताच्या ज्या औषधात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं त्याचंही तसंच. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी घ्यायची नाहीतर सहा तास नंतर. कॅल्शियम किंवा लोह बरोबरच घ्यायचं असेल तर भरपेट जेवणासोबत. उपाशीपोटी एकत्र कधीच नाही. आणि गोळ्या मूळ बाटलीतून काढायच्याच नव्हत्या, ओलाव्याने खराब होतात.

हे मला गोळी बदलली त्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर! सेंटरवरून मिळते त्या हिरव्या वहीवर एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. म्हणून ज्यांना टीबीचं रिफाम्पिसिन चालू आहे त्यांनी आजच विचारा, त्यांना डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी बारा तासांनी लागते. मधुमेहाचं मेटफॉर्मिन घेत असाल तर तेही सांगा, त्याचा डोस हिच्याबरोबर दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत. मूल हवं असलेल्या मुली मला घाबरत विचारतात. 2018 मध्ये बोट्सवानातल्या पाहणीतून बाळाच्या मणक्याबद्दल शंका निघाली होती, पण पुढे तिथल्याच जास्त बाळंतपणांची माहिती जमल्यावर ती टिकली नाही. गरोदरपणातही आता हीच गोळी देतात.

आता माझी टीएलडी सकाळी साडेसहाला, लोह-कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. तीन महिन्यांनी परत तपासणी लिहून दिली होती, तिचाच तो रिपोर्ट. थकवाही गेलाय.

गोळीला माझ्याकडून पूर्ण गुण. बाटलीला एकही नाही. करणाऱ्यांनी तोंडाशी कापसाचा बोळा घालावा, नाहीतर बाटली गोळ्यांच्या मापाची करावी. पाच पैशांचं काम आहे. हे मी सेंटरच्या तक्रारपेटीत दोनदा लिहून टाकलंय, नाव न घालता.

तोवर माझा उपाय असा. औषध देणाऱ्या दादांना विचारून घेतलं, ते म्हणाले कोरडा स्वच्छ कापूस चालेल, पुडी मात्र काढू नका. बाटली हातात मिळाली की सील तिथेच बाकावर बसून फोडते, कापूस दाबून भरते, झाकण लावते आणि कानाशी धरून हलवून बघते. तीनही बाटल्या मुक्या झाल्या की मगच स्टँडकडे निघते. पुढची तारीख 18 आहे, कापसाची गुंडाळी आणून ठेवली आहे.