कुत्र्याची टाचेची शीर तुटली: टाके, गोंद की दोन्ही?

ऊसतोडीच्या दिवसांत चिकोडी-निपाणी पट्ट्यात कोयता, पत्रा किंवा तारेचं कुंपण लागून कुत्र्याच्या मागच्या पायाची शीर तुटू शकते. ही शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर स्नायू हाडाला जोडणारी दोरी, कंडरा. टाचेवरची जाड कंडरा पूर्ण तुटली की कुत्रं अख्खा तळवा जमिनीला टेकून चालतं. वरची जखम बोटाएवढी असली तरी अशा वेळी मलमपट्टीवर भागत नाही. फेवीक्विकचा उपाय सुचवणारेही भेटतील. तो रासायनिक गोंद आतल्या मांसाला जाळतो, त्याचा इथे विषयच नाही.

जैविक गोंद म्हणजे मुख्यतः फायब्रिन ग्लू. फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही रक्तातली प्रथिनं एकत्र आली की रक्त गोठताना बनते तशीच जाळी थोड्याच वेळात तयार होते. रक्तस्राव थांबतो, कडा जुळून राहतात, आणि शरीर ती जाळी काही आठवड्यांत विरघळवून टाकतं. कमतरता एकच, पण मोठी: ओढ सोसायची ताकद तिच्यात नाही. उभ्या कुत्र्याचं वजन टाचेच्या कंडरेवर येतं, ते नुसत्या गोंदावर सुटेल.

टाके ती ओढ घेतात. कंडरेचे धागे उभे असल्याने साधा टाका ते चिरत बाहेर येतो, म्हणून सर्जन अडकवणारे किंवा तीन फेऱ्यांचे खास टाके घालतात. कुत्र्यांच्या कंडरांवरच झालेल्या अभ्यासात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहिली की भरलेली जागा कमजोर राहते, असं दिसलं आहे. त्यामुळे निवड टाके की गोंद अशी नसतेच. टाक्यांवर गोंदाची जोड द्यायची का, एवढंच ठरवायचं असतं. जखम ताजी, स्वच्छ आणि कडा सरळ कापलेल्या असतील तर जोड द्यायला हरकत नाही. शेणामातीने भरलेल्या, पू झालेल्या जखमेत मी गोंदावर एक रुपया घालणार नाही. बाजारातला फायब्रिन ग्लू माणसाच्या रक्तापासून बनतो, महाग असतो, आणि कुत्र्याच्या शरीराला ते प्रथिन परकंच.

पीआरपी, म्हणजे प्लेटलेट भरपूर असलेला रक्तद्रव, हा तिसरा पर्याय. कुत्र्याचंच रक्त यंत्रात गरगर फिरवून प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) वेगळ्या काढतात आणि टोचतात. अर्धवट फाटलेल्या किंवा जुनाट दुखऱ्या कंडरेसाठी त्याचा विचार होतो. तुटलेली टोकं तो जोडत नाही.

खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर गोंद गाळा, पण प्लास्टरमध्ये कसर करू नका. सहा आठवड्यांनीही कंडरेत मूळच्या जेमतेम निम्मी ताकद असते, म्हणून घोटा सरळ ठेवून सहा ते आठ आठवडे पाय बांधावा लागतो. मुधोळ कुत्र्याच्या पायावर मांस कमी, तिथे प्लास्टरखाली कापूस जास्त भरायला सांगा. प्लास्टर ओलं झालं, बोटं सुजली किंवा वास आला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.