कॅथलॅबच्या दारात मागितलेली सही

नागपुरात सध्या मोफत हृदय तपासणी शिबिरांचा सुकाळ आहे. रविवारी सकाळी ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या हॉलमध्ये नाहीतर मंदिराच्या सभामंडपात टेबलं लागतात. बीपी, शुगर, ईसीजी फुकट, वरून चहा-बिस्कीट. सगळी शिबिरं लुटायलाच भरतात असं मी म्हणत नाही. पण आमच्या बाबांच्या बाबतीत जे झालं ते लिहून काढते आहे, कारण बाबांच्या मंडळातल्या आणखी काही जणांना त्याच रुग्णालयातून फोन येऊन राहिले आहेत. रुग्णालयाचं नाव देत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तोंड आवरायला सांगितलं आहे.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. वय अडुसष्ट. मानकापूरहून गोरेवाड्याच्या बाजूला रोज सकाळी चालत जातात, येताना तर्री पोहे खाऊन येतात आणि घरी येऊन ते नाकारतात. छातीत दुखणं नाही, दम लागणं नाही. बीपीची एक गोळी, बस. शिबिरात त्यांचा ईसीजी काढला आणि ‘थोडा बदल दिसतो, डॉक्टरांना दाखवून घ्या’ असं कागदावर लिहून दिलं. नंबर अर्थातच घेऊन ठेवला होता.

दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू. बोलणारा मुलगा फार गोड. “काकाजी, तुम्ही मला वडिलांसारखे.” शिबिरातून आलेल्यांना अँजिओग्राफी (हृदयाच्या नळ्यांत अडथळा आहे का ते बघायची तपासणी) सवलतीत, सकाळी यायचं, संध्याकाळी घरी, हातातून करतात, कळतसुद्धा नाही. आई म्हणत होती, “यांना काही होऊन नाही राहिलं न, मग कशाला?” पण ईसीजीचा तो कागद फ्रिजवर चिकटलेला, आणि अटॅक सांगून येत नाही हे वाक्य फोनवर रोज. बाबाच म्हणाले, एकदा करून टाकू, डोक्याची कटकट जाईल.

इथे एक गोष्ट राहून गेली, जी पुढे एका जाणत्या डॉक्टरांनी आम्हाला समजावली. ज्याला काही त्रास नाही त्याच्या ईसीजीत किरकोळ बदल असेल तर इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पट्ट्यावर चालवून काढतात ती टीएमटी, अशा पायऱ्या आधी असतात. अँजिओग्राफी त्यानंतरची, तीही गरज दिसली तर. बाबांची टीएमटी कोणी केलीच नाही. फाइलीत तिचा कागद नाही, बिलात तिची ओळ नाही.

आता दारातला प्रसंग. बाबांना कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, नेलं. आई, दादा आणि मी बाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर. थोड्या वेळाने दार अर्धं उघडलं आणि शिशाचा एप्रन घातलेल्या एकाने दादाला खुणेने आत बोलावलं. मीही घुसले. काचेपलीकडे बाबा टेबलवर, अंगावर हिरवी चादर, डोळे उघडे, वर लटकलेल्या यंत्राकडे बघत. इकडे स्क्रीनवर एक काळी रेघ थरथरत होती. डॉक्टरांनी पेनाचं टोक तिच्यावर टेकवलं. “इथे नव्वद टक्के, इथे ऐंशी. आत्ता करून टाकू. घरी नेलं तर रात्र निघेल याची गॅरंटी मी देणार नाही.” पाठोपाठ तो गोड बोलणारा मुलगा पॅड घेऊन हजर. ‘दोन स्टेंट, पॅकेज’. स्टेंट म्हणजे नळी उघडी ठेवायला आत बसवायची धातूची जाळी. “ताई, वायर आतच आहे, डॉक्टर थांबलेत.” दादाने विचारलं, थोडा विचार करू का, दुसऱ्या कोणाला दाखवू का? उत्तर आलं: “पुन्हा हात टोचावा लागेल, पुन्हा तेवढाच खर्च. आणि मधल्या मधे काही झालं तर तुमची जबाबदारी, तसं लिहून द्या.”

दादाने सही केली. त्या दारात उभा असलेला कोणताही मुलगा करेल, म्हणून तर ती तिथे मागतात.

पण बाबा पूर्ण शुद्धीत होते. अँजिओग्राफीत फक्त मनगटाजवळची जागा बधिर करतात. काचेपलीकडच्या माणसाला कोणी विचारलंच नाही की तुमच्या हृदयात धातूची जाळी बसवू का. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये नेमकं हेच सांगून ठेवलं आहे. तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि जिवावरचा प्रसंग नसेल तर सज्ञान, संमती देऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेला होकार चालत नाही. त्या खटल्यात सही रुग्णाच्या आईची होती, आमच्याकडे मुलाची. वकिलांनी हा निकाल वाचून दाखवला तेव्हा दादा कितीतरी वेळ काही बोललाच नाही.

अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी (फुग्याने नळी उघडून स्टेंट बसवणं) या दोन्हींची संमती आधीच एकत्र घेता येते, हेही खरं. म्हणून हल्ली भरतीच्या कागदांतच ‘अँजिओग्राफी व गरज पडल्यास अँजिओप्लास्टी’ अशी ओळ छापलेली असते. तुम्हाला थांबून ठरवायचं असेल तर ती ओळ पेनाने खोडा, बाजूला ‘फक्त अँजिओग्राफी’ लिहा आणि रुग्णाची स्वतःची सही घ्या. पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नर्स कुरकुर करतील, करू द्या.

पैशाचं सांगते. बिल पावणेतीन लाखांच्या वर गेलं. आमच्याकडे केशरी रेशनकार्ड आहे आणि खालच्या मजल्यावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा बोर्डही लटकलेला होता. जुलै 2024 पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत, आणि अँजिओप्लास्टी तिच्यात बसते. त्या मुलाने सांगितलं, “योजनेत साधा माल येतो ताई, वडिलांना इम्पोर्टेड टाकू.” खरं कारण मला नंतर उमजलं, निदान माझा तरी तसा पक्का समज आहे. योजनेत केस टाकली की मंजुरीसाठी अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि चित्रं वर पाठवावी लागतात. तिथे कोणीतरी तिसरा डॉक्टर ती बघतो. रोखीच्या पेशंटची क्लिप कोण बघतं? योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याला गाठा. तो जागेवर नसेल तर 155388 वर फोन करा.

स्टेंटच्या किमतीत मात्र त्यांनी काही गडबड केली नव्हती, कारण तिथे करता येत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली. त्याआधी तोच स्टेंट लाखाच्या वर विकला जात होता. मर्यादा वेळोवेळी बदलते, आता ती 38-39 हजारांच्या घरात आहे. स्टेंटची रक्कम, कंपनी, बॅच नंबर बिलावर वेगळे दाखवणं बंधनकारक आहे. पण ज्या फुग्याने नळी फुगवतात तो बलून, आत सरकवायची गाइडवायर, कॅथेटर यांना अशी मर्यादा नाही. पाणी तिथे मुरतं. आमच्या बिलात तीन बलून होते. प्रत्येक वस्तूच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलीत चिकटवायची पद्धत असते. फाइल उघडून बघितली तर स्टेंटची दोन स्टिकरं, बलूनचं एकच. बाकीची कुठे गेली विचारल्यावर बिलिंगच्या बाईंनी “लावायची राहिली असतील” म्हणून फाइल आमच्याकडे सरकवली.

इथवर आम्ही गप्पच होतो. बाबा वाचले म्हणून आईने टेकडी गणपतीला नारळसुद्धा फोडला. संशय आला तो मानेमुळे. डिस्चार्जच्या सकाळी मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी काढली, न विचारता, आणि तोच मुलगा पुन्हा पॅड घेऊन आला. “काकाजी, मेंदूकडे जाणाऱ्या नळीत पन्नास टक्के ब्लॉक आहे. कधीही पॅरालिसिस होऊ शकतो. महिनाभरात या, मानेतही स्टेंट टाकून घेऊ.” बाबा, जे तोवर सगळ्याला मान डोलावत होते, ते म्हणाले, “आता खाली कुठे कुठे टाकता ते एकदमच सांगून टाका.”

मग अँजिओची सीडी मागितली. आधी मशीन बिघडलं, मग जबाबदार माणूस सुटीवर गेला. शेवटी लेखी अर्ज दिला. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेत लिहिलं आहे की रुग्णाने मागितल्यावर कागदपत्रं 72 तासांत द्यावीत. तो नियम अर्जात उतरवला आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला. सीडी आली.

ती आम्ही एका निवृत्त हृदयरोगतज्ज्ञांना दाखवली. त्यांनी क्लिप पुढे-मागे करून तीच जागा बराच वेळ पाहिली. त्यांच्या मते एक अडथळा पन्नास-साठ टक्क्यांचा होता, दुसरा चाळीसच्या आसपास. साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे अडथळा लक्षणीय धरतात, मुख्य डाव्या नळीत असेल तर पन्नासपासून. मधल्या, शंकेच्या अडथळ्यांसाठी दाब मोजणारी वायर आत घालून एफएफआर काढता येतो, आकडा 0.80 किंवा खाली आला तर रक्त खरंच कमी पडतं असं समजतात. ते म्हणाले, “डोळ्याने बघून डॉक्टर-डॉक्टरांत दहा-वीस टक्क्यांचा फरक पडतो, मी मान्य करतो. पण चाळीसचे ऐंशी होत नाहीत.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला आधी माहीत असती तर त्या दाराबाहेर मी वाद घातला असता. अटॅक आलेला नाही, दुखणं स्थिर आहे, अशा रुग्णांत स्टेंट टाकल्याने आयुष्य वाढतं का, हे मोठमोठ्या अभ्यासांत तपासून झालं आहे. 2007 चा ‘करेज’ नावाचा अभ्यास, आणि 2020 मध्ये छापून आलेला ‘इस्कीमिया’ नावाचा, ज्यात 5,179 रुग्ण होते. नीट गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा स्टेंटवाल्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत. चालताना छातीत दुखणाऱ्यांना स्टेंटने आराम मिळतो, तो फायदा खरा. बाबांना मुळात दुखतच नव्हतं. म्हणजे ‘रात्र निघणार नाही’ हे वाक्य वैद्यकशास्त्रातलं नव्हतं, लग्नाच्या शालू दुकानातल्या ‘शेवटचा पीस आहे ताई’ सारखं होतं.

मानेचंही त्यांनी उलगडून सांगितलं. पूर्वी कधी लकवा मारला नाही, तोंड वाकडं झालं नाही, डोळ्यापुढे तात्पुरता अंधार आला नाही, अशा माणसाच्या मानेत पन्नास टक्के अडथळा असेल तर कोलेस्टेरॉलची आणि बीपीची गोळी नेटाने घ्यायची. नुकताच लहान झटका येऊन गेलाय आणि अडथळा सत्तरच्या वर आहे, तेव्हा शस्त्रक्रियेचा किंवा स्टेंटचा फायदा मोठा असतो. आणि मानेत स्टेंट टाकतानाच कचरा सुटून मेंदूत जाऊ शकतो, म्हणजे ज्याची भीती घातली तेच ओढवून घ्यायचं.

आता उलटी बाजू, कारण हे वाचून कोणी खरा अटॅक अंगावर काढला तर मला ते पाप नको. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, जबड्यात, डाव्या हातात कळ गेली, तर दुसरं मत घेत बसायचं नसतं. ताज्या अटॅकमध्ये नळी लवकर उघडणं यावरच जीव अवलंबून असतो. आमच्याच गल्लीतला रिक्षावाला रात्री इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपरस्पेशालिटीत पोहोचला म्हणून आज रिक्षा चालवतो आहे. लकव्याचंही तेच: तोंड वाकडं, हात गळून पडणं, बोबडं बोलणं दिसलं की गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते, आणि मोठ्या नळीतली गुठळी जाळीने ओढून काढायची सोय काही निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत चालते. घरगुती मालिश करत घालवायचे हे तास नव्हेत. खरी घाई कशी दिसते हे माहीत असलं की खोटी घाई ओळखू येते: बाबा त्या सकाळी स्वतः स्कूटर चालवत रुग्णालयात आले होते.

आणि परिणाम संपलेले नाहीत. स्टेंट बसला की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, मधेच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, ते पुढे गेलं. पट्टा बांधून हिंडतात. दाढी करताना कापलं की रक्त थांबता थांबत नाही, म्हणून आईने जुना वस्तरा फेकून दिला.

असं करणारे आमच्याच शहरात आहेत असंही नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये गुजरातेत कडी तालुक्यातल्या एका गावी शिबिर झालं, 19 जणांना अहमदाबादला नेऊन अँजिओग्राफी केली, त्यातल्या 7 जणांना स्टेंट टाकले, दोघे दगावले. त्यावर पोलीस केस झाली. ती बातमी आम्ही सगळ्यांनी वाचली होती.

ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील हवाच असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. डॉक्टरच्या वागणुकीबद्दलची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी केली आहे. दोन्हीकडे सीडी, बिल आणि स्टिकरांच्या पानाची प्रत जोडली.

नोटीस पोहोचल्यावर रुग्णालयातून फोन आला. या वेळी तो मुलगा नव्हता, कोणी मॅनेजर होते आणि मला मॅडम म्हणत होते. बलूनचे पैसे परत करायला ते तयार आहेत, मात्र ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ एवढं लिहून द्यायचं. मी म्हटलं, हेच तुम्ही लेटरहेडवर लिहून पाठवा, मग बघू. अजून काही आलेलं नाही.